पाणी वर चढलं कसं? ग्रानादातले 4 दिवस

ऑक्टोबरच्या सुट्टीत स्पेनला जायचं ठरलं तेव्हा माझ्या डोक्यात बार्सिलोना होतं, नवऱ्याच्या डोक्यात समुद्र, आणि संभाजीनगरहून आमच्याकडे नेदरलँड्सला राहायला आलेल्या सासूबाईंचं एकच म्हणणं, गुडघ्यांना झेपेल असं काहीतरी बघा बाई. आणि गेलो कुठं तर ग्रानादाला, जिथं अख्खं गावच चढावर आहे. निवड आमच्या 8 वर्षांच्या लेकीची, शाळेत कुणीतरी तिथल्या अलहम्बरा राजवाड्याच्या फरश्यांची नक्षी काढायला लावली होती, तेव्हापासून घरात तोच एक विषय.

मालागापर्यंत विमान, पुढे बसनं दीड-दोन तास. वाटेत ऑलिव्हची झाडं इतकी की लेकीनं मोजायला घेतली आणि पाचव्या मिनिटाला झोपली.

थोडक्यात इतिहास, तिला जसा सांगितला तसाच. 711 मध्ये उत्तर आफ्रिकेतनं मुसलमान फौजा स्पेनमध्ये आल्या, त्यांना युरोपातले लोक मूर म्हणायचे. हळूहळू ख्रिश्चन राजांनी एकेक शहर परत घेतलं आणि सगळ्यात शेवटी उरलं ते ग्रानादा. नासरी घराण्यानं तिथं 1238 पासून राज्य केलं, टेकडीवर अलहम्बरा बांधलं, आणि 2 जानेवारी 1492 ला शेवटचा सुलतान बोआब्दिल यानं किल्ल्या ख्रिश्चन राणी इझाबेला आणि राजा फर्डिनांडच्या हवाली केल्या. तिचा प्रश्न, "मग तो राहायला कुठं गेला?" बरोबर आहे, हे कोणी विचारतच नाही. आधी डोंगरातली थोडी जहागीर मिळाली, मग मोरोक्कोला गेला. दंतकथा अशी की जाताना खिंडीतनं मागं वळून बघितलं आणि रडला, तेव्हा आई म्हणाली, जे पुरुषासारखं राखता आलं नाही त्याच्यासाठी बाईसारखा रड. यावर सासूबाई जाम भडकल्या. "पोराचं सगळं गेलंय आणि असं बोलतात का? आई आहे का कोण आहे!" पाचशे वर्षांपूर्वीच्या राणीला झापून झाल्यावरच पुढे निघालो.

आता अलहम्बराचा गोंधळ. आतल्या नासरी महालांसाठी तिकिटावर वेळ छापलेली असते, ती चुकली की संपलं, आणि दारात पासपोर्ट बघतात. 12 वर्षांखालच्या मुलांना फुकट आहे पण तिकीट त्यांचंही काढावं लागतं आणि ओळखपत्र त्यांचंही हवं. आमची वेळ साडेदहाची, आणि दहाला कळलं की तिचा पासपोर्ट हॉटेलवर राहिलाय. चूक माझीच, आदल्या रात्री पर्स बदलली होती. नवरा टॅक्सीनं गेला आणि धापा टाकत परत आला तेव्हा 5 मिनिटं उरली होती, त्यानंतर दुपारपर्यंत तो माझ्याशी फक्त "हो" आणि "नाही" बोलला.

आत गेल्यावर मी छताकडं बघून येडी झाले. भिंतीवर जिथं बघाल तिथं अरबीत एकच ओळ कोरलेली, वला गालिब इल्लल्लाह, म्हंजे अल्लाहशिवाय विजेता कोणी नाही. मिर्झा गालिबमधला गालिब तो हाच, हे मला तिथं उभं राहिल्यावर डोक्यात आलं.

पण लेक वर बघेचना! ती सगळा वेळ जमिनीकडं बघत होती, कारण फरशीत बोटभर खोल पाट काढलेत आणि त्यातनं पाणी चाललेलं असतं. सिंहांच्या चौकात 12 संगमरवरी सिंह, भोवती 124 खांब, आणि खोल्यांमधनं निघालेले चार पाट मधल्या कारंज्याला येऊन भिडतात. सिंह सगळे सारखे नाहीत हे तिनंच शोधलं, एकाची आयाळ वेगळी, एकाचं तोंड. मग आला तो प्रश्न. "आई, नदी खाली आहे ना? आपण तर चढून आलो. मग पाणी वर कसं चढलं?"

मला येत नव्हतं. नवऱ्याला येत होतं आणि या निमित्तानं तो बोलायला लागला, हा बोनस. पाणी चढतच नाही. दारो नदी डोंगरातनं येते, तिथं वर, जिथं नदीच टेकडीपेक्षा उंचावर आहे, तिथं तिला बांध घातला आणि डोंगराच्या कुशीनं अगदी हलका उतार ठेवत सुमारे 6 किलोमीटर पाट आणला. आसेकिया रेआल, राजाचा पाट. पंप नाही, काही नाही. सासूबाई लगेच म्हणाल्या, "सोने, आपल्या संभाजीनगरच्या पाणचक्कीचं पाणी असंच तर येतं, डोंगरातनं खापरी नळानं." ती दोनदा पाणचक्कीला गेलीय, पण तिथं तिला फक्त मासे दिसले होते.

मग हेनेरालिफेची बाग. तिथं एक जिना आहे, त्याच्या कठड्यावरनंच पाणी वाहतं, म्हंजे हात ठेवायचा तिथं पन्हळ आणि त्यात गार पाणी. पाऊण तास आम्ही त्या जिन्यावर होतो. पानांच्या होड्या वरनं सोडायच्या, धावत खाली जाऊन पकडायच्या. सासूबाईंनी पण मनगटापर्यंत हात बुडवून ठेवला आणि गुडघ्यांचं नावही काढलं नाही, माझ्या मते अख्ख्या अलहम्बरातली सगळ्यात भारी जागा तीच आहे, महाल राहू द्या.

खाण्याचं सांगते, कारण शाकाहारी लोक विचारतात. इथं ड्रिंक मागवलं की सोबत छोटी डिश फुकट येते, पण ती बऱ्याचदा हॅमची, म्हणून आधीच सांगून ठेवायचं. आमचं पोट भरलं ते बेरेन्हेनास कोन मिएलवर, म्हंजे तळलेली वांगी आणि वर उसाचा मध. तो मध म्हंजे सरळसरळ काकवी हो! ऊस इथं अरबांनीच आणला. वांग्याचे काप काकवीबरोबर खायचे हे सासूबाईंना आधी पटलं नाही, नंतर त्यांनीच दुसरी प्लेट मागवली.

ग्रानादा म्हंजे स्पॅनिशमध्ये डाळिंब. फुटपाथच्या लोखंडी खुंटांवर पण डाळिंबं आहेत. खरी घेतली तर सासूबाईंचा निकाल, "गोड आहे, पण सांगोल्याचं ते सांगोल्याचं."

महालातनं निघताना लेकीनं तिथल्या नळावर बाटली भरून घेतली होती, "अलहम्बराचं पाणी", पुढचे दोन दिवस कोणाला हात लावू देईना. मालागा एअरपोर्टला सिक्युरिटीच्या रांगेत कळलं की बाटली आत नेता येणार नाही. तोंड पडलं. ओतून टाक म्हटलं तर नाही, तिथंच उभ्यानं प्यायला लागली, अर्धी झाल्यावर दम लागला तेव्हा बाटली आजीकडे दिली, आणि आजीनं उरलेलं गटागटा संपवून रिकामी बाटली ट्रेमध्ये ठेवली.