अडीच विती रुंदीची ओतावी रेल्वे

दारव्ह्याच्या अलीकडे आमच्या शेताच्या धुऱ्याला लागून शकुंतला गाडीचे रूळ जातात. गाडी बंद होऊन काही वर्षे झाली आणि रुळांमध्ये आता तरोटा माजला आहे. परवा मी तिथे बसून विती टाकून रुळांमधले अंतर मोजले. ते तीन वीत आणि चार बोटे, म्हणजे अडीच फूट भरले. आफ्रिकेच्या नैर्ऋत्येकडील नामिबियातील ओतावी रेल्वे याहूनही अरुंद होती. तिच्या रुळांमध्ये अवघे ६०० मिलिमीटर अंतर होते, म्हणजे अडीच विती आणि वर जेमतेम एखादे बोट. गेले काही महिने मी तिच्याच इतिहासात गुंतलेला आहे.

नामिबियाच्या उत्तरेकडील त्सुमेब येथील हिरवट टेकडीत तांबे आहे, हे कोणा युरोपीय माणसाने शोधून काढले नव्हते. त्या भागातले मूळ रहिवासी सान लोक तिथले तांबे काढत आणि उत्तरेकडच्या ओवांबो जमातीच्या कारागिरांशी त्याचा व्यापार करत. हा मुलूख तेव्हा जर्मनीची वसाहत होता. तरीही लंडनमध्ये १८९२ साली स्थापन झालेल्या साउथ वेस्ट आफ्रिका कंपनीला जर्मन सरकारने तिथल्या खाणींचे हक्क दिले आणि पुढे १९०० साली बर्लिनमध्ये ओतावी खाण व रेल्वे कंपनी उभी राहिली. खाण समुद्रापासून इतकी दूर की रेल्वेवाचून धातू विकणे अशक्य होते. म्हणून १९०३ साली स्वाकोपमुंड बंदरापासून त्सुमेबपर्यंत ५६७ किलोमीटरचा मार्ग बांधण्याचे काम बर्लिनच्या आर्थर कोपेल यांच्या कंपनीला मिळाले.

हा मार्ग हेरेरो लोकांच्या चराऊ रानांतून जाणार होता. गुरे हेच ज्यांचे सर्वस्व, त्यांच्याकडे रुळांलगतची जमीन आणि पाणवठ्यांचे हक्क मागितले गेले, तेव्हा त्यांच्या मनात काय दाटले असेल हे कोरडवाहू मुलखातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. सावकारी कर्ज आणि गोऱ्या वसाहतवाल्यांची दांडगाई यांची त्यात भर पडून जानेवारी १९०४ मध्ये उठाव झाला आणि रेल्वेचे काम थांबले. ऑगस्टमध्ये वॉटरबर्गच्या लढाईनंतर जर्मन सेनापती जनरल फोन ट्रोथा याने हेरेरोंना ओमाहेकेच्या वाळवंटात हाकलले आणि २ ऑक्टोबरला त्यांच्या संहाराचा आदेश काढला. जे जिवंत राहिले त्यांना छावण्यांत डांबण्यात आले. तेथील कैदी, पुरुषांबरोबर बायका आणि मुलेसुद्धा, याच रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. ज्यांची जमीन गेली त्यांच्याच हातांनी त्या जमिनीवर रूळ अंथरले गेले. हे वाचल्यावर मला पुस्तक मिटून बाहेर अंगणात येऊन बसावे लागले.

ऑगस्ट १९०६ मध्ये रूळ त्सुमेबला पोहोचले आणि चार वर्षांनी कंपनीने रेल्वे वसाहत सरकारला विकली, खाण मात्र स्वतःकडे ठेवली. पहिल्या महायुद्धात, जुलै १९१५ मध्ये, इथल्या जर्मन सैन्याने दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यापुढे शरणागती पत्करली, तीही याच मार्गावर, ओतावीजवळ. दुसऱ्या महायुद्धानंतर खाण अमेरिकी भांडवलाच्या त्सुमेब कॉर्पोरेशनकडे गेली, १९६० च्या सुमारास रुळांमधले अंतर वाढवले गेले आणि १९९६ साली त्या कंपनीची खाण बंद पडली.

माझ्या आजीचे सासरे शकुंतलेच्या मातीकामावर होते. घमेल्याने मुरूम वाहून रोजाचे पैसे घरी आणणाऱ्या माणसाची त्या कैद्यांशी तुलना मी करणार नाही. मात्र आजीला त्यांचे नाव आणि त्यांनी कोणत्या मैलावर काम केले तेही ठाऊक आहे. ओतावीच्या रुळांवर राबलेल्या एकाही मुलाचे नाव मला अजून कुठे वाचायला मिळालेले नाही.