आत्याचा बॉबकट

आत्याचा 1978 सालचा एक कृष्णधवल फोटो आमच्याकडे आहे. होळकर पुलाच्या कठड्याशी ती उभी आहे. अंगावर सुती साडी, खांद्याला शबनम, डोळ्यांवर जाड काळ्या काड्यांचा चष्मा आणि कानाच्या पाळीखाली संपणारा बॉबकट. त्या वेळी ती पंचवटीतल्या एका शाळेत शिकवायची आणि जुन्या नाशकातल्या वाड्यावरून रोज पूल ओलांडून चालत जायची. वाड्यात केस कापणारी ती पहिलीच. आजी म्हणे आठ दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

यंदा आत्याची पंचाहत्तरी होती. साडी नको, सोनं नको, हे तिनं आधीच बजावलं होतं. मी तीनेक वर्षांपासून हौसेनं बाहुल्यांचे कपडे शिवते. म्हणून ठरवलं, या फोटोतली आत्या करायची. बाहुली अकरा-साडेअकरा इंची, म्हणजे माणसाच्या साधारण एक षष्ठांश. संग्राहकांच्या जगात हे माप सगळ्यांत रुळलेलं. 1959 साली न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात बार्बी आली, तीही याच उंचीची.

एक गोष्ट आधीच सांगते. खोक्यात बंद असलेल्या, जपून ठेवलेल्या बाहुलीला मी कधीच कात्री लावत नाही. एकदा केस कापले की संग्राहकासाठी तिची किंमत गेली, आणि कुणीतरी वर्षानुवर्षं सांभाळलेली वस्तू बिघडवण्याचा मला हक्क वाटत नाही. खेळून झालेली, कपडे हरवलेली, केसांचा गुंता झालेली बाहुलीच घ्यावी. मला तशी एक नाशिकरोडच्या एका ताईंकडे मिळाली. त्यांची मुलगी आता कॉलेजात आहे. काळे, कमरेपर्यंत लांब केस, पण मागून पार नमदा झालेला.

गुंता सोडवायला दोन संध्याकाळी गेल्या. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात केस धुतले, मग कपड्यांना लावायच्या कंडिशनरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवले आणि उवांच्या फणीनं टोकाकडून वर विंचरत गेले. वरून फणी ओढली की केस मुळासकट बाहेर येतात. साध्या कंगव्यापेक्षा धातूची बारीक दातांची फणी फार छान चालते.

आणि मग मी घाई केली. शाळेत असताना आई माझे केस कापायची, तसे ओले केस खाली ओढून धरले, कानाच्या पाळीशी रेघ मनात धरली आणि सरळ कापले. वाळल्यावर केस वर उचलले गेले. बॉबकट कुठला, खराट्यासारखे चारी बाजूंना फुटले. त्याहून वाईट म्हणजे मागच्या बाजूला डोक्याचा रबरी भाग दिसायला लागला, आणि त्यावर छिद्रांच्या ओळी. मी ती बाहुली टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवली आणि दोन दिवस तिच्याकडे बघितलं नाही. वाढदिवसाला पाच आठवडे उरले होते.

नंतर नीट निरखून बघितल्यावर कारणं कळली. कारखान्यात बाहुलीचे केस सगळीकडे सारखे दाट लावत नाहीत. कपाळाच्या कडेला, मानेच्या कडेला आणि भांगाशी दाट ओळी असतात, मधल्या भागात विरळ. लांब केस त्यावरून ओघळतात म्हणून ते झाकलं जातं. आखूड केलं की उघडं पडतं. दुसरं, बाहुली आपल्या एक षष्ठांश असली तरी तिच्या केसाचा एकेक तंतू जवळजवळ आपल्या केसाइतकाच जाड असतो. तिच्या मापानं तो सुतळीच झाला. लांब असताना स्वतःच्या वजनानं खाली राहतो, आखूड केल्यावर ताठ उभा राहतो. आणि आपण कापलेला केस वाढतो, तिचा नाही. हे सगळं कापायच्या आधी पाच मिनिटं केस बाजूला सारून बघितलं असतं तरी दिसलं असतं.

टोपी घालून झाकायचा विचार मनात आला होता. पण टोपी घातलेली आत्या ही आत्या नव्हेच. म्हणून मागच्या भागात नवे केस रोवायचे ठरवलं.

डोकं काढायला डोक्याचा भाग कढत पाण्यात दोन-तीन मिनिटं धरला. रबर मऊ झालं की हलकेच डावी-उजवीकडे हलवत सोडवायचं. थंड असताना ओढलं तर मानेतला खुंटा तुटतो, आणि तो तुटला की धड निकामी. केसांसाठी मात्र गाडी अडली. बाहुल्यांचे खास केस परदेशातून मागवायचे तर वेळ नव्हता. तेव्हा आईनं सुचवलं, "अगं, गंगावन लाव की." लग्नात, डोहाळजेवणात वेणीला लावायचं ते गंगावन! मेन रोडवर जाऊन दोन दुकानांतून दोन तऱ्हेची आणली.

कुठलं चालेल ते तपासायला एक सोपी युक्ती आहे. बाहुल्यांच्या केसांत नायलॉन, सारान, पॉलिप्रॉपिलीन असे प्रकार असतात. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं, नायलॉन आणि सारान पाण्याहून जड. वाटीभर पाण्यात साबणाचा एक थेंब टाकायचा, केसाचा तुकडा बोटानं पूर्ण बुडवून सोडायचा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. तो लवकर पिंजल्यासारखा होतो आणि वळण नीट धरत नाही. माझं एक गंगावन तरंगलं, दुसरं तळाशी गेलं. तळाशी गेलेल्याची बट कढत पाण्यात धरून बघितली, आक्रसली नाही. तेच घेतलं.

रोवायची सुई घरीच केली. शिवणाच्या सुईच्या नेढ्याचा वरचा भाग पक्कडीनं तोडला की दोन दात उरतात. उलटं टोक जुन्या पेनाच्या नळीत पक्कं बसवलं, झाली मूठ. पंधरा-वीस केस मधोमध दुमडायचे, दुमड त्या दोन दातांत अडकवायची, सुई डोक्यात दाबायची आणि सरळ बाहेर काढायची. केसांची दुमड आत राहते, दोन टोकं बाहेर. पहिल्या रात्री तासाभरात अकरा बटा झाल्या, हाताला कळ लागली आणि दोन सुया मोडल्या. डोकं अधूनमधून गरम पाण्यात मऊ करून घेतलं की सुई सहज जाते, हे तिसऱ्या रात्री उमगलं. जुन्या छिद्रांच्या दोन ओळींच्या मध्ये नवी ओळ, आणि छिद्रं एकाखाली एक न घेता विटांच्या भिंतीसारखी सरकवून. तशी घेतली की मधली रेघ दिसत नाही. रोज जेवणं आटोपली की ओट्यावरच्या दिव्याखाली बसायचे. एकूण 146 बटा, सतरा रात्री. त्या सतरा रात्रींत मला बाहुलीचं डोकं पाठ झालं म्हणाल तरी चालेल.

नुसत्या दुमडीवर केस टिकत नाहीत, म्हणून मानेच्या भोकातून आत गोंद सोडावा लागतो. त्यासाठी नेहमीचा पांढरा गोंद घेतला नाही, कारण तो गरम पाण्यात मऊ पडतो आणि पुढचं सगळं काम गरम पाण्याचंच. कापडाला लावायचा, धुतल्यावरही न सुटणारा लवचिक गोंद घेतला. पातळ थर, दोन दिवस उन्हाच्या खोलीत उलटं टांगून वाळवणं. श्रावण असल्यामुळे डोक्याच्या आत ओल राहू नये याची धास्ती होती. आत पाणी साचलं तर बुरशी येते आणि ती निघत नाही.

दुसऱ्यांदा कापताना कानाच्या पाळीच्या एक सेंटिमीटर खाली थांबले. नेमका आकार कापायच्या आधी केस बसवायचे. केस ओले करून डोक्याशी चापून बसवले, मलमलची पट्टी घट्ट गुंडाळली आणि उकळून जरा निवलेलं पाणी वरून ओतलं. हे धागे उष्णतेनं नरम होतात आणि थंड होताना ज्या आकारात असतील तो आकार धरून ठेवतात. म्हणून पट्टी गार होईपर्यंत सोडायची नाही. मी ती दुसऱ्या दिवशी सकाळीच सोडली. खराटा गेला होता! केस डोक्याला धरून खाली आले होते.

मग कात्री आडवी न धरता उभी धरून टोकाटोकाला बारीक चिमटे घेत गेले. आडवी कापली की कड फळीसारखी दिसते. आतल्या बाजूचे केस बाहेरच्यांपेक्षा किंचित आखूड ठेवले, म्हणजे वरचे केस आत वळतात. टोकांना शीतपेयाच्या नळीचे तुकडे गुंडाळून पुन्हा गरम पाणी, पुन्हा रात्रभर थांबणं. फोटो समोर ठेवून चार वेळा जुळवून बघितलं. आत्याचा भांग डावीकडे होता आणि उजवीकडची बट कानामागे गेलेली. ती बट कानामागे बसली तेव्हा बाहुलीच्या चेहऱ्यात पहिल्यांदा आत्या दिसली. मी आईला हाक मारली. ती बघत राहिली आणि म्हणाली, "अगदी वन्सं."

साडीचा हिशोब असा. खरी सहावारी साडेपाच मीटर, म्हणजे बाहुलीला 92 सेंटिमीटर लांब आणि साधारण 19 रुंद. पण केसांसारखंच कापडाचं. त्याची जाडी सहापट कमी होत नाही. नवं सुती कापड नेसवलं तर बाहुली गरोदर दिसते. आईकडे आत्याचीच एक जुनी साडी निघाली, गोधडीसाठी ठेवलेली, धुवून धुवून मऊ झालेली. तिचा काठाजवळचा तुकडा घेतला. लांबी 70 वर आणली आणि आतला एक फेरा कमी केला. निऱ्या मोडत होत्या, म्हणून साबुदाण्याची पातळ खळ कुंचल्यानं लावली, प्रत्येक निरीला केसांची चिमटी आणि वरून इस्त्री. पाच निऱ्या. त्यापेक्षा जास्त घेतल्या की पोट सुटतं.

चष्म्याला तार माझ्या दिरांनी सातपूरच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानातून आणून दिली. तांब्याचीच, पण लाखेचा थर असलेली. पेन्सिलीच्या टोकाभोवती दोन वेढे, मध्ये नाकाचा वाक, काड्या लांब ठेवून केसांत खोचलेल्या. काचा गोळ्यांच्या पाकिटाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या. वरून काळ्या नेलपॉलिशचे दोन हात दिले, ते दिसण्यासाठी जितके तितकेच बाहुलीच्या तब्येतीसाठीही. उघडं तांबं किंवा पितळ अशा मऊ प्लास्टिकला लागून राहिलं की कालांतरानं तिथं हिरवा डाग पडतो. 1960 च्या आसपासच्या जुन्या बार्बींचे कान धातूच्या कर्णफुलांमुळे असेच हिरवे झालेले दिसतात, आणि संग्राहक त्याला हिरवा कानच म्हणतात. म्हणून चेहऱ्याशी उघडा धातू नको.

घड्याळ पाच मिनिटांत झालं: काळ्या रेक्झिनची पट्टी, त्यावर चंदेरी टिकली. शबनमसाठी शिंपीकाकांकडून खादीची चिंधी आणली. पट्टा लांब हवा, पिशवी मांडीपर्यंत यायला हवी, नाहीतर ती शाळेतल्या पोरीची दप्तरपिशवी वाटते. चपलांसाठी फोमचा तळ आणि चामड्याच्या दोन पट्ट्या.

वाढदिवसाला घरचीच माणसं होती. आत्यानं खोकं उघडलं, चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ काहीच बोलली नाही. मग एका बोटानं बाहुलीच्या मानेवरचे केस वर सारून बघितले, आतल्या ओळी, मी रोवलेल्या.

"हे तू एकेक लावलंस?"

"हो."

"आणि ही माझी निळी साडी. कोपरगावहून आणली होती." तिनं पदराचा काठ चिमटीत धरला. मग शबनमची पिशवी उघडून आत बोट घातलं. "छत्री कुठाय पण? जूनपासून मी छत्रीशिवाय पुलावर पाऊल टाकलं नाही. काळी, लाकडी मुठीची. फोटोत नाही, कारण ती तुझ्या बाबांच्या हातात होती, फोटो त्यानं काढला ना."

काल दहीपुलाच्या बाजूनं काळं रेशमी अस्तर घेऊन आले. काड्यांना झाडूच्या हिराच्या बारीक काड्या चालतील असं वाटतंय. मुठीसाठी आईस्क्रीमची काडी कोमट पाण्यात भिजत घातली आहे. मऊ झाली की पेन्सिलीवर वाकवून बांधून ठेवणार.