रकाना एक, आकडे दोन

मधुमेहपूर्व अवस्था, म्हणजे प्रीडायबेटिस, नेमकी कितीपासून धरायची? जागतिक आरोग्य संघटना म्हणते उपाशीपोटी साखर 110 ते 125 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, पुढचे साखरेचे आकडेही तसेच). अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने 2003 मध्ये खालची हद्द 100 वर आणली. आणि मधुमेह टाळण्याच्या आमच्या कार्यक्रमाची फाइल मंजुरीसाठी जिथे गेली होती, तिथल्या अर्जात ‘लाभार्थी निकष’ या नावाखाली बोटभर रुंदीचा एकच रकाना. त्या रकान्याने आमचा जीव खाल्ला.

बाकी आराखडा आरोग्य शिक्षिकांबरोबर बसून पटापट झाला. वर्षभराचा कार्यक्रम, पहिल्या सहा महिन्यांत 16 सत्रं, पुढे महिन्याला एक. आठवड्याला 150 मिनिटं चालणं किंवा तेवढाच व्यायाम, आणि वजनात 5 ते 7 टक्के घट. यातलं आमच्या डोक्यातून आलेलं काही नाही. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. त्यात जीवनशैली बदलणाऱ्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांत 31 टक्क्यांनी. हे कुणाला पटवावं लागलं नाही.

पटवावा लागला तो आकडा. आम्ही 100 लिहिलं, तर वैद्यकीय सल्लागारांनी लाल पेनाने 110 केलं. मग फाइल लेखा शाखेत. तिथे विचारणा झाली की खोडाखोड कुणी केली. नवा अर्ज भरला, 110 लिहून. आता कार्यक्रम शाखा म्हणाली, लाभार्थी फार कमी दिसताहेत, निकष सैल करा. म्हणजे पुन्हा 100? “तसं मी म्हटलेलं नाही,” इति साहेब. दोन्ही लिहू का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: “एकच आकडा लिहा, सिस्टीम घेत नाही.” सिस्टीम म्हणजे काय, तर एका कर्मचाऱ्याची वही! फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली आणि प्रत्येक टेबलावर मला मधुमेह समजावून सांगितला गेला, तोही वेगवेगळा.

सुटका केली ती आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी शिक्षिकेने. “अहो, आपण दारात निदान करायला निघालोय का? आधी जोखीम विचारू, रक्ताचं लॅब बघेल,” ताई म्हणाल्या. आणि खरंच, ग्लुकोमीटरवर बोट टोचून निदान करायचंही नसतं. फिनलंडची जोखीम प्रश्नावली आठच प्रश्नांची आहे, रक्ताचा थेंबही लागत नाही: वय, कंबरेचा घेर, हालचाल, घरात कुणाला मधुमेह, पूर्वी कधी साखर वाढलेली आढळली का, असे प्रश्न. मग रकान्यात लिहिलं, ‘प्रश्नावलीनुसार जास्त जोखीम, निकष जोडपत्रात’. जोडपत्रात 100 ते 125, आणि 110 च्या वरच्यांची नोंद वेगळी. खाली डॉक्टरांची सही. एकाही टेबलाने जोडपत्र उघडून पाहिलं असेल असं मला वाटत नाही, पण सही झाली. त्या दिवशी मी फार खूश होतो, हे कबूल करतो.

तेव्हा अर्ज भरण्याआधी जोडपत्र तयार ठेवा. 126 किंवा त्याहून जास्त आलेल्या माणसाला कोणत्या डॉक्टरकडे पाठवायचं हेही त्यातच लिहा. हा प्रश्न नंतर हमखास येतो, आणि तो योग्यच आहे.

कंबर मोजायचं राहिलंच. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायची, श्वास सोडल्यावर. शिक्षिकांनी आधी एकमेकींची मोजून बघितली, तेव्हा एकाच बाईचे तीन आकडे आले. सराव झाल्याशिवाय प्रश्नावली वाटायला काढू नका.

मानधनाचंही सांगतो: फक्त सत्रांचं धरू नका. गैरहजर राहिलेल्यांना फोन करण्यात शिक्षिकांचा सत्राइतकाच वेळ जातो, आणि लोक टिकतात ते त्या फोनमुळेच. अंदाजपत्रकात त्याची वेगळी ओळ हवी, नंतर घुसवता येत नाही.

आणि फाइल देताना पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासकट. “आमच्याकडे आलेलीच नाही” हे वाक्य मी ऐकलंय, आणि ते म्हणणाऱ्याच्या कोपराखाली आमचीच फाइल होती.