मालकी आणि वहिवाट

पडक्या वास्तूत शिरल्यावर लोक मनोरे आणि कमानी पाहतात. मला मात्र तिथली चूल कुठे होती हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. आयर्लंडच्या गॉलवे परगण्यात, हेडफर्ड गावाबाहेर ब्लॅक नदीकाठच्या कुरणांत उभा असलेला रॉस एरिली हा फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिस यांच्या भिक्षूसंघाचा, मठ माझ्या या खोडीचे सगळे लाड पुरवतो. परंपरेनुसार त्याची स्थापना 1351 मधली असली, तरी बांधकामाचा बराच भाग पंधराव्या शतकातला दिसतो. छपरे केव्हाच गेली. मनोरा आणि कमानींनी वेढलेला लहानसा चौक शाबूत आहे. भोजनगृहात खिडकीपाशी वाचकाची जागा आहे. बाकीचे मुकाट्याने जेवत असताना एकाने तिथून धर्मग्रंथ वाचायचा. त्या बिचाऱ्याच्या वाट्याला निवलेलेच अन्न येत असणार.

स्वयंपाकघरात प्रशस्त चूल आणि भट्टी आहे, शिवाय जिवंत मासे ठेवण्यासाठी दगडी बांधणीचा हौदही आहे. ईस्टरपूर्वीच्या उपासकाळात आणि दर शुक्रवारी मांस वर्ज्य असल्यामुळे मासळी हाताशी असणे ही गरजच होती. तरीही हा हौद मला कोड्यात टाकतो. 1226 मध्ये निवर्तलेल्या संत फ्रान्सिस यांनी आपल्या बांधवांना स्वतःच्याच काय, संघाच्या नावावरही काही ठेवू नका, असे बजावले होते. मग माधुकरीवर जगणाऱ्यांचा हा हौद कोणाचा? 1245 मध्ये पोप इनोसंट चौथे यांनी तोडगा काढला, की मालकी पोपच्या गादीची आणि वहिवाट तेवढी भिक्षूंची. 1322 मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी ही कागदी मालकी झटकून टाकली आणि त्यावरून मोठे रण माजले.

गंमत अशी, की पोपच्या दरबारात जे टिकले नाही, ते रॉस एरिलीत पुढे विरोधकांच्या हातून घडले. पोपशी फारकत घेतलेल्या इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाने मठ खालसा करण्याचे धोरण स्वीकारले आणि एलिझाबेथ राणीच्या काळात हा मठ क्लॅनरिकार्डच्या अर्लला मिळाला. त्या उमरावाने मात्र तो गुपचूप भिक्षूंच्याच हवाली केला. फ्रान्सिस यांना अभिप्रेत असलेला अपरिग्रह इतक्या काटेकोरपणे क्वचितच पाळला गेला असेल, आणि तोही सक्तीने! भिक्षूंना अनेकदा हुसकावण्यात आले आणि ते पुनःपुन्हा परतले. 1656 मध्ये क्रॉमवेल या प्रोटेस्टंट इंग्रज सेनानीच्या पक्षाच्या सैनिकांनी मठ लुटला, तरी परिसरातला भिक्षूंचा वावर संपायला अठराव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. आता हे राष्ट्रीय स्मारक सरकारच्या ताब्यात आहे आणि आत पंचक्रोशीतल्या लोकांच्या कबरी आहेत. म्हणजे मालकी एकाची आणि वहिवाट दुसऱ्याची, हा इथला रिवाज अजून मोडलेला नाही.