कंबरेचा एमआरआय काढला तेव्हा

कंबरेतून पायात कळ जायची म्हणून डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. मला बंद जागेची भीती वाटते त्यामुळे जायच्या आधी हे मशीन नेमकं करतं काय ते वाचून काढलं आणि खरंच सांगते, त्याचाच मला सगळ्यात जास्त उपयोग झाला.

सेंटरवर आधी फॉर्म, पेसमेकर आहे का वगैरे, मग मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना सगळं काढायला लावलं. कारण चुंबक १.५ टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट, आणि स्कॅन नसला तरी तो चालूच असतो, आतली तार द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंशाला ठेवलेली असते, इतक्या थंडीत तिच्यातला करंट न थांबता फिरत राहतो.

आपल्या अंगातलं पाणी आणि चरबी दोन्हीत हायड्रोजन, त्याचा प्रोटॉन म्हणजे बारीकसा चुंबकच. मशीनमध्ये गेलं की हे प्रोटॉन भोवऱ्यासारखे डुलत फिरतात, १.५ टेस्लाला सेकंदाला साधारण ६ कोटी ४० लाख वेळा, आणि बरोबर तेवढ्याच फ्रिक्वेन्सीची रेडिओलहर सोडली की ते कलतात, लहर थांबली की परत जागेवर येतात आणि येता येता सिग्नल देतात. तो पाठीखालची कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, पकडते. एक्स-रे नाहीच यात.

सिग्नल नेमका कुठून आला हे कळायला चुंबकाची ताकद जागेनुसार किंचित कमी-जास्त करतात, ते करणाऱ्या मशीनमधल्या वेगळ्या कॉइलमधला करंट भराभर बदलतो आणि ती कॉइल हादरते, तोच तो ठकठकाट. हे माहीत होतं म्हणून आवाज बदलला की आता पुढचा सिक्वेन्स, म्हणजे फोटोंचा पुढचा संच, लागला असं मनात म्हणत पडून राहिले. हातात गरज पडली तर बोलवायला दाबायचा फुगा होता, मधेच माईकवरून "ताई, हलू नका हं, थोडंच राहिलंय".

फिल्म डॉक्टरांनी लाइटवर लावली. टी२ म्हणतात त्या फोटोत मज्जारज्जूभोवतीचं पाणी पांढरंशुभ्र, मणक्यांमधल्या वरच्या गाद्या मधे पांढुरक्या आणि एल४-एल५ ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली, काळी. पाण्याचा सिग्नल सावकाश विझतो म्हणून ते उजळ दिसतं, गादीतलं पाणी आटलं की सिग्नल पटकन विझतो. टी१ मध्ये पाणी काळं आणि चरबी पांढरी, म्हणून दोन्ही काढतात.

ऑपरेशन नको म्हणाले, फिजिओथेरपी चालू आहे. कुणाला भीती वाटत असेल तर टेक्निशियनला आत जायच्या आधीच सांगा, आणि अंगात रॉड, क्लिप काही टाकलेलं असेल तर त्याचे कागद न विसरता सोबत न्या.