आमची वाटचाल : वणीतली तुकडा-तपासणी लॅब

आम्ही वणीत लॅब टाकली तेव्हा कॅन्सरच्या शंकेने तोंडातला किंवा गर्भपिशवीच्या तोंडाचा तुकडा (बायॉप्सी) काढला की तो नातेवाइकाच्या पिशवीतून एसटीने नागपूरला जायचा. मी पॅथॉलॉजिस्ट, माझे पती टेक्निशियन. वापरलेला मायक्रोटोम, म्हणजे तुकड्याचे पातळ काप घेणारं यंत्र, विकत घेतला आणि तुकडे इथेच तपासायचं ठरवलं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की तुकडा ज्यात बसवतो तो मेणाचा ब्लॉक मऊ पडतो, ३-४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप सुरकुततो. म्हणून उन्हाळ्यात ब्लॉक बर्फावर ठेवून पहाटेच काप घेतो.

खर्र्यामुळे (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) आमच्याकडे तोंडाचे तुकडे फार. गालाच्या आतले, जिभेच्या कडेचे. बहुतेकांचं निदान नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी स्लाइडवरच होतं. अडतं ते संशयी स्लाइडवर, आणि त्यासाठी आम्ही आयएचसी सुरू केली, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी लावून ते तपकिरी रंगात पाहायची तपासणी. पहिली अँटिबॉडी घेतली पी५३ या प्रथिनाची.

हे प्रथिन १९७९ मध्ये सापडलं. दहाएक वर्षं ते कॅन्सर घडवणारं समजलं जायचं. १९८९ मध्ये उलगडा झाला की ते कॅन्सर अडवणारं आहे: डीएनएला इजा झाली की पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्ती जमली नाही तर पेशीलाच संपवतं. माणसाच्या साधारण निम्म्या कॅन्सरांत त्याचं जनुक बिघडलेलं असतं. निरोगी पेशीत ते झटपट मोडलं जातं, म्हणून रंग तुरळक दिसतो. बिघडलेलं प्रथिन बहुधा साचतं आणि केंद्रकं गडद तपकिरी होतात. काही बिघाडांत मात्र ते तयारच होत नाही, गाठीच्या पेशी निळ्या राहतात.

एका रुग्णाच्या मुलाने विचारलं होतं, "मॅडम, रंगच नाई आला, मंग कॅन्सर नाई ना?" त्याला स्लाइड दाखवून समजावलं. कॅन्सर आहे हे साध्या स्लाइडवरच ठरलं होतं. इथे रंग नसणं म्हणजे अडवणारं प्रथिनच हरवलेलं. पण हे म्हणायला शेजारच्या निरोगी पेशींत थोडा तरी तपकिरी रंग हवा. त्याही कोऱ्या असतील तर तपासणीच फसली समजायचं. मोठ्या आतड्याच्या गाठीत एमएलएच१, एमएसएच२ ही डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं पाहतानाही हाच नियम.

आणि तपासणी फसते ती बहुतेकदा आमच्या दाराबाहेर. तुकडा सलाइनमध्ये येतो, स्पिरिटमध्ये येतो. म्हणून मारेगाव, झरी, पांढरकवड्यापर्यंतच्या दवाखान्यांना आम्ही तुकडा टिकवणाऱ्या १० टक्के बफर्ड फॉर्मलिनच्या बाटल्या फुकट पोचवतो. तुकड्याच्या दहापट तरी फॉर्मलिन, आणि लेबलवर तुकडा टाकल्याची वेळ. स्तनाची गाठ मोठी असेल तर चिरून मग बाटलीत टाका, नाहीतर आत फॉर्मलिन पोचेपर्यंत मधला भाग सडतो. कंपाउंडर भाऊंनी हे मनावर घेतलं, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

आमची दुसरी अँटिबॉडी पी१६ या प्रथिनाची. गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणारा एचपीव्ही विषाणू आरबी हे दुसरं अडवणारं प्रथिन निकामी करतो, तेव्हा पी१६ भरपूर वाढतं. गर्भाशयमुखाच्या संशयी तुकड्यात आणि टॉन्सिल-घशाच्या गाठीत ते फार कामाचं. गालाच्या, खर्र्याच्या कॅन्सरला सरसकट लागत नाही. चिठ्ठीवर लिहून आलं तरी आम्ही डॉक्टरांना फोन करतो. कापूस विकून आलेला पैसा नको त्या तपासणीत जाऊ नये.

स्तनाच्या गाठीचे मार्कर (उपचार ठरवायला पाहतात ती प्रथिनं) अजून आम्ही करत नाही, ब्लॉक नागपूरला पाठवतो. सेवाग्राम किंवा नागपूरला उपचाराला निघालेल्या रुग्णाला ब्लॉक आणि स्लाइड मागितल्या त्याच दिवशी मिळतात. त्याचे पैसे घेत नाही. तिथे तुकडा पुन्हा काढायची वेळ येऊ नये.