जुहूच्या सिंगल-सीटरचा माग : ही कूपर नव्हेच

मागच्या नोंदीत पत्रा उतरवून नुसती चौकट उरली, तिथवर आलो होतो. या वेळी निकालच आधी सांगून टाकतो: गाडी कूपर, म्हणजे त्या नावाच्या इंग्रजी कंपनीची शर्यतीची गाडी, नाही. बोटीने विलायतेहून आलेली तर नाहीच नाही. ती इथे मुंबईतच कुणीतरी हाताने जुळवलेली आहे, आणि पुरावे आता इतके झालेत की 'पण कदाचित' म्हणायलाही जागा राहिलेली नाही.

आधीचं ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रे रोडच्या एका गोदामातून ही गाडी घेतली तेव्हा तिला इंजिन नव्हतं, शेपटीचा पत्रा नव्हता आणि कागद तर नव्हतेच. सोबत मिळाली ती गोष्ट: 'साहेबाची कूपर आहे, जुहूच्या विमानतळावर धावलीये, स्टर्लिंग मॉसने चालवलीये.' मॉस म्हणजे तेव्हाचा नामांकित इंग्रज शर्यतपटू. त्याला मी तिथेच गोदामात उतरवून ठेवला. विकणाऱ्यांचं ऐकायचं तर प्रत्येक जुन्या कूपरमध्ये मॉस बसून गेलेला असतो. जुहूचं मात्र पटण्यासारखं होतं. जुहूचा विमानतळ १९२८चा. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी विमानं सांताक्रूझला गेली आणि जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होऊ लागल्या. त्या काळात आपल्याकडे शर्यतीचा ट्रॅक म्हणजे विमानांनी मोकळी सोडलेली धावपट्टीच. मद्रासकडे शोलावरम, कलकत्त्याकडे बराकपूर, आपल्याकडे जुहू.

कूपरचं नाव हिला का चिकटलं, तेही समजण्यासारखं आहे. १९४६ साली जॉन कूपर आणि त्याचे वडील चार्ल्स यांनी इंग्लंडमधल्या सर्बिटनच्या गॅरेजात पहिली ५०० सीसीची गाडी केली, तेव्हा दोन फियाट टोपोलिनोंचे पुढचे भाग कापून पाठीला पाठ लावून जोडले होते. त्यामुळे पुढे-मागे एकच मांडणी: वर आडवे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), खाली विशबोन, म्हणजे चाक धरणारा दुबेळक्याच्या आकाराचा दांडा, चारही चाकं स्वतंत्र. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, मोटारसायकलचं, जॅप (जे. ए. पी.) या इंग्रजी कंपनीचं एक सिलिंडर, आणि मागच्या आसाला चेन. १९५० मध्ये या ५०० सीसीच्या गाड्यांना आंतरराष्ट्रीय फॉर्म्युला थ्रीचा दर्जा मिळाला आणि कूपरने त्या डझनांनी विकल्या. आमच्या गाडीतही वर आडवे पाटे, खाली विशबोन, पाठीमागे इंजिनाची जागा आणि आसावर चेनचं स्प्रॉकेट. लांबून बघणारा कूपरच म्हणणार.

जवळून बघितलं की गोष्ट उसवायला लागते. कूपरची चाकं मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची, ओतीव, आणि ब्रेकचा ड्रम त्याच ओतकामाचा भाग. आमच्याकडे साधी दाबीव पोलादी चाकं आणि वेगळे बिडाचे ड्रम. पण चाकं काही साक्षीला उभी करता येत नाहीत, ती सत्तर वर्षांत कुणीही बदलू शकतं. शर्यतीच्या गाडीचं तर सगळंच बदलतं. इंजिन फुटतं, नाक चेपतं, पाटे तुटतात. म्हणून मी बोल्टांकडे वळलो.

हे काम कंटाळवाणं आहे, पण ज्यांच्याकडे बिनकागदाची गाडी असेल त्यांनी जरूर करावं. प्रत्येक बोल्ट काढायचा, पितळी ब्रशने घासायचा, पिच गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर मोजायची दातेरी पट्टी, लावून आटे मोजायचे आणि तो कुठून निघाला ते डबीवर लिहून ठेवायचं. त्या काळच्या इंग्रजी गाडीत बहुतेक बीएसएफ नाहीतर व्हिटवर्थ या इंग्रजी मापांचे आटे सापडतात, ५५ अंशांच्या कोनाचे. इटालियन गाडीत मेट्रिक, ६० अंशांचे. आमच्या चौकटीत इंजिन धरणाऱ्या प्लेटा, पेडलांची पट्टी, स्टिअरिंगचा कंस, जिथे म्हणून कुणी स्वतः ड्रिल मारलंय तिथे ५/१६ बीएसएफ, इंचाला २२ आटे. आणि विशबोन, किंगपिन (ज्याभोवती चाक वळतं तो खिळा), पाट्यांची पकड इथे सरसकट मेट्रिक. म्हणजे चाकांकडचा भाग फियाटचा अख्खा उचललेला आणि मधली चौकट ज्याने बनवली त्याच्या कपाटात इंग्रजी बोल्ट. कूपरच्या पहिल्या गाडीतही हाच मेळ होता म्हणा, पण विकायच्या गाड्यांत त्यांनी चौकट स्वतःची नीट जिगवर, म्हणजे माप पक्कं धरणाऱ्या साच्यावर, बांधली होती. आमच्या चौकटीचे डावे-उजवे चॅनल (पन्हळीसारखे पोलादी दांडे) एका मापाचे नाहीत. उजवा अर्ध्या इंचाने लांब आहे. जिगवर बांधलेल्या चौकटीत असं होत नाही, फरशीवर खडूने आखलेल्या चौकटीत होतं.

मग टोपोलिनो मुंबईत आली कुठून? याचं उत्तर कुर्ल्यात आहे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने १९५१ मध्ये फियाट ५००, म्हणजेच टोपोलिनो, जुळवायला घेतली, फियाट ११०० त्यानंतर, १९५४ मध्ये. पद्मिनी आपल्या सगळ्यांच्या घरात होऊन गेली, पण तिच्या आधीची ही छोटी गाडी लोक विसरलेत. ५६९ सीसीची ती टोपोलिनो घाटात दमायची, पण तिचं पुढचं सस्पेन्शन हलकं आणि आटोपशीर होतं. ठोकलेल्या दोन टोपोलिनो मिळाल्या की चारही चाकांची सोय झाली. माझ्या हिशेबाने गाडी १९५१च्या आधीची नसावी. युद्धाआधी आयात झालेल्या टोपोलिनोंचं काय, असं कुणी विचारेल, म्हणून 'नसावी' म्हणतोय.

या गाडीला वय देणारी दुसरी वस्तू म्हणजे इंजिनाच्या प्लेटा. त्यांच्यात भोकांचे दोन संच आहेत. पहिल्या संचात गिअरबॉक्ससाठी लांबट खाचा आहेत आणि खाचांच्या कडा वॉशरने घासून गुळगुळीत झाल्यात. गिअरबॉक्स सुटा असेल तर प्रायमरी चेन (इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंतची) ताणायला तो पुढे-मागे सरकवावा लागतो. जुन्या इंग्रजी सिंगल इंजिनांत हीच रीत. दुसऱ्या संचात खाचा नाहीत, नुसती गोल भोकं, आणि ती रंगावरून मारलेली: ड्रिलच्या कडेला रंगाचे टवके उडालेत आणि आतली कडा कोरी आहे. सुटा गिअरबॉक्स नसलेलं, तरीही चेन चालवणारं, मुंबईत सहज मिळणारं इंजिन कोणतं? बुलेट. एन्फिल्डचा गिअरबॉक्स क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, पाठीलाच बोल्टने बसतो, चेन आतल्या पट्टीने ताणली जाते, सरकवायचा प्रश्नच येत नाही. शिवडीच्या एका मेकॅनिकने बुलेटची रिकामी क्रँककेस उसनी दिली. ती प्लेटांमध्ये अलगद बसली, ठोकावीसुद्धा लागली नाही. मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली १९५५ मध्ये. तेव्हा बुलेट हे हिचं दुसरं इंजिन, आणि ते त्या सुमारास किंवा नंतरच आलेलं.

पहिलं इंजिन अजून पकडीत येत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर बीएसए एम२० या इंग्रजी मोटारसायकलची क्रँककेस मिळाली, लष्कराने मोडीत काढून विकलेल्या मालातली असणार. पुठ्ठ्याचा साचा कापून लावून बघितला: जमलं नाही. पुण्याच्या मित्राच्या नॉर्टन १६एच मोटारसायकलवरून काढलेला साचा खालच्या दोन भोकांवर तंतोतंत बसतो आणि वरचं भोक बोटभर हुकतं. जॅपचा साचा मिळाला की तिढा सुटेल. ५०० सीसीचं जॅप ८० बाय ९९ मिलिमीटरचं, त्याचे खरे रेखांकन-कागद किंवा नुसती रिकामी केस कुणाकडे असेल तर मोजमाप हवंय.

आता रंग. बाहेरून लाल, त्याखाली बाटलीहिरवा, त्याखाली रेड ऑक्साइड. नाकाच्या डाव्या अंगाला पाण्याच्या पॉलिशपेपरने घासत गेलो, नाण्याएवढी जागा, झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उमटेपर्यंत. लाल थराखाली पांढरा गोल आणि त्यात काळ्या रंगाचा ७. बॅटरी आडवी धरली की ब्रशचे केस कुठून कुठे फिरलेत ते दिसतं. पेंटरने आकडा एका दमात ओढलाय. ग्रुपवर टाकल्याबरोबर दोघांनी '७ नंबरची गाडी' शोधायला घेतली. त्यांना तेव्हाच सांगितलं की नंबर हा शर्यतीपुरता असतो, पुढच्या शर्यतीला तो दुसऱ्याच्या नाकावर असतो. नंबरावर इतिहास उभा करू नका.

एक फोटो मात्र खरंच कामाला आला. विलेपार्ल्याच्या एका घरातल्या अल्बममध्ये धावपट्टीवर उभी असलेली सिंगल-सीटर, मागे माडांची रांग, शेजारी पांढऱ्या अंगरख्यातला एक गृहस्थ. गडद रंगाची गाडी, नाकावर नंबर नाही. मी बघितल्या त्या लूव्हर, म्हणजे हवा जायला पत्र्यात पाडलेल्या फटी. डाव्या बाजूच्या पत्र्याला हाताने पाडलेल्या ११ लूव्हर आहेत आणि मागून तिसरी किंचित तिरकी गेलीये, छिन्नी घसरल्यावर जाते तशी. गॅरेजात उभ्या असलेल्या पत्र्यावर मागून तिसरी तिरकीच आहे. रंग, नंबर, चाकं यांची नक्कल होते. छिन्नी नेमकी तिथेच, तेवढीच घसरलेली दुसरी गाडी असेल असं मला वाटत नाही.

आणि मग अण्णा. ऑपेरा हाऊसच्या मागच्या गल्लीत स्पेअर पार्टच्या दुकानात चौकशी करता करता कुणीतरी यांचं नाव सुचवलं. वय नव्वदीकडे झुकलेलं, उमेदीत त्या भागातल्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलेले. फोटो बघितला आणि म्हणाले, "कूपर? कुणी सांगितलं तुला? ही आमच्या शेटची. पारशी बावाजी होते, दर रविवारी यायचे, स्वतः ग्रीस लावायचे." अशी साक्ष मला पुरत नाही, म्हणून विचारलं, "अण्णा, गाडीत असं काही आहे का जे फोटोत दिसत नाही?" थोडा वेळ विचार केला त्यांनी. "मागचा आडवा चॅनल उलटा लावलाय बघ. तोंड पुढे पाहिजे, ते मागे आहे. चेन घासायची रे, शेट वैतागले होते. मग मीच भोसकून खाच पाडली, कानस घेऊन."

चौकट उलटी करून बघितली. चॅनल उलटा. डाव्या टोकाला अंगठ्याएवढी खाच, कडा कानशीने मारलेली, आणि तिच्या वरच्या बाजूला चेन घासून पडलेली चकचकीत रेघ, खाच पाडायच्या आधीची. बाकी अण्णांनी जे जे सांगितलं, कसाऱ्याच्या घाटातल्या ठोकलेल्या टोपोलिनोची हकिगत वगैरे, ते मी ऐकीव म्हणून वेगळ्या पानावर ठेवलंय. खाच मात्र पक्क्या पानावर.

कागदांबद्दल फार काही नाही. शर्यतीच्या गाडीला आरटीओचा नंबर नसतो, त्यामुळे बीएमएक्स-बीएमवायसारख्या मुंबईच्या जुन्या नंबरपाट्यांवरून मालक शोधायची आपली नेहमीची वाट इथे बंद आहे. विलायतेहून आली असती तर कस्टमचा कागद तरी असता. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळतोय. खेळाच्या पानावर विजेत्याचं नाव आणि सीसीचा गट मिळतो, घरी बनवलेल्या गाड्यांना सरसकट 'स्पेशल' म्हटलेलं असतं. आमचीही त्यातलीच एखादी 'स्पेशल'.

दोन-चार मित्र हळहळले. कूपर असती तर किंमत आली असती, हे खरंच. एकाने फायबरचं कूपरचं नाक करून देतो म्हणून गळ घातली. नको. खऱ्या कूपर इंग्लंडमध्ये भरपूर आहेत, त्यांच्या चासी नंबरांच्या याद्या सांभाळणारी माणसंही आहेत. फरशीवर आखलेली, एक चॅनल अर्ध्या इंचाने लांब असलेली गाडी दुसरीकडे नाही. बुलेटचं इंजिन मात्र तूर्त बसवत नाही. पहिलं इंजिन कोणतं ते कळेपर्यंत प्लेटांवर नवं भोक मारायचं नाही, एवढं ठरलंय. पावसाळा तोंडावर आहे आणि शिवडीच्या शेडमध्ये पत्र्याखालीही ओल येते, म्हणून चौकटीला ग्रीस फासून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचं काम या आठवड्यात उरकतो.

जुहूच्या शर्यतींचे जुने फोटो कुणाच्या घरी असतील तर रंग किंवा नंबर बघू नका. डाव्या बाजूच्या लूव्हर मागून मोजा, आणि गाडी मागून टिपली असेल तर चेन कोणत्या बाजूला आहे आणि आडवा चॅनल दिसतोय का, ते बघून कळवा.